तिसऱ्या ठिकाणच्या नोंदी

चौथ्या गटाची फाइल बाईंनी उघडली तेव्हा शनिवारची शाळा सुटून अर्धा तास झाला होता आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. भूगोलाच्या बाई नेहमीच शेवटी निघायच्या. बाकीचे त्यांना चिडवायचे, की बाईंना घरी जायलासुद्धा आधी नकाशा काढावा लागतो, आणि बाई म्हणायच्या, हो, आणि त्याला प्रमाणही द्यावं लागतं. फाइल इतर फाइलींसारखीच होती. वर ओढ्याचा नकाशा, त्यावर पाच ठिकाणं लाल टिंबांनी दाखवलेली, मग उद्देश, पद्धत, नोंदी, आलेख, निष्कर्ष. अक्षर एका मुलीचं होतं, जिला अख्खी नववी मोजपट्टी म्हणायची. सहावीत असताना गणिताच्या पुस्तकात फळ्याची लांबी चार मीटर दिली होती, तर हिने वर्गातला फळा मोजला आणि तो तीनच भरतो म्हणून तक्रार केली होती, तेव्हापासूनचं ते नाव. निष्कर्षापर्यंत बाईंचा लाल पेन सरसर चालला. शेवटच्या पानावर, त्रुटी या मथळ्याखाली, तो थांबला. पहिल्या तीन त्रुटी कुणीही लिहिल्या असत्या: टेप मधोमध लोंबत होती, खोली मोजायची काठी गाळात रुतत होती, वेग मोजायला पाण्यात सोडलेलं संत्रं एकदा दगडाला अडकलं. चौथी अशी होती: “तिसऱ्या ठिकाणी बाईंनी स्टॉपवॉच सुरू केलं पण संत्रं सोडायला सांगायचं विसरल्या. मग थांबवलं आणि आपण काय मोजतोय असं आम्हाला विचारलं. असं तीन वेळा झालं. चौथ्या ठिकाणानंतर बाई प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागल्या आणि हाका मारल्यावर परत आल्या. म्हणून तिसऱ्या ठिकाणच्या वेगाच्या नोंदी विश्वसनीय नाहीत आणि त्या निष्कर्षात धरलेल्या नाहीत.”

बाई आधी हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. कार्टीने त्यांना नेऊन टेप आणि काठीच्या पंगतीत बसवलं होतं. मग राग आला. काय लिहावं, काय लिहू नये याचा काही पोच आहे की नाही या पोरीला? त्यांनी समासात ‘भाषा’ असा शब्द लिहिला आणि पुढे काय लिहावं ते सुचेना, कारण भाषेत काहीच वावगं नव्हतं. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. राग ओसरला. गुरुवारचं ते तिसरं ठिकाण त्यांना आठवत होतं की. ओढ्याचं वळण, सपाट दगडावर ओळीने काढून ठेवलेले बूट, दुमडलेल्या पँटी, ओल्या गाळाचा वास, एका मुलाची वाहून जाता जाता वाचलेली टोपी. तळहातावर स्टॉपवॉचचा गारवा. आणि मग चौथं ठिकाण, जिथे काठाशी गवत होतं. मधलं कुठे गेलं? कापड बेतताना मध्येच हातभर कमी पडावं तसं झालं होतं. ह्या टोकाला धरलं तर ते टोक पोचत नव्हतं. चौथ्या ठिकाणानंतर आपण काठ बघायला म्हणून मागे गेलो होतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण काठ कशासाठी बघायला? तो तर चोवीस वर्षं बघतोय.

ओढा शहरामागच्या टेकडीतून निघून मोठ्या पुलाखाली नदीला मिळायचा, आणि बाई दर वर्षी आधी नववीला, मग आठवीला तिथे न्यायच्या. पद्धत साधी होती. काठाने दोरी ताणून दहा मीटर मोजायचे, वरच्या टोकाला संत्रं सोडायचं, खालच्या टोकाला पोचेपर्यंत किती सेकंद लागले ते बघायचं. संत्रंच का, हे दर वर्षी कुणीतरी विचारायचं, आणि बाई मोठ्या हौसेने सांगायच्या: ते बुडत नाही, पुरतं वरही येत नाही, वाऱ्याला दाद देत नाही, आणि लांबून दिसतं; शिवाय काम झाल्यावर खाता येतं. स्टॉपवॉच शाळेत एकच होतं आणि ते बाईंच्या गळ्यात. बाई सेकंद ओरडून सांगणार, सहाही गट लिहून घेणार. आणि मग अहवाल, ज्यात निष्कर्षाला तीन मार्क आणि त्रुटींना पाच. हे त्रुटींचं खूळ बाईंचं स्वतःचं होतं. एका तपासनिसाने एकदा नाक मुरडून विचारलं होतं, शाळेच्या अहवालात चुका कशाला मिरवता? बाईंनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं होतं की चुका लपवलेला निष्कर्ष म्हणजे थाप, आणि थापा मारायला मुलांना शाळेत यावं लागत नाही. हा किस्सा त्या प्रत्येक नव्या वर्गाला सांगायच्या. दर वर्षी सांगायच्या. गुरुवारी बसमध्ये आपण तो दोनदा तर सांगितला नाही ना, असं आता त्यांच्या मनात आलं, आणि लगेच हेही आलं की दुसऱ्या वेळी मुलं हसली होती ती जरा जास्तच एकजुटीने.

त्यांनी तपासून बाजूला ठेवलेल्या तीन फाइली पुन्हा ओढल्या. पहिल्या गटाने लिहिलं होतं, तिसऱ्या ठिकाणी स्टॉपवॉचमध्ये बिघाड झाला. दुसऱ्याने, स्टॉपवॉच मध्येच अडकत होतं. तिसऱ्याने, सेल संपत आला असावा. तिन्ही ठिकाणी बाईंनीच लाल बरोबरच्या खुणा केल्या होत्या, एका ठिकाणी तर ‘छान निरीक्षण’ असा शेरासुद्धा दिला होता. पाचव्या आणि सहाव्या फाइलीचं शेवटचं पान त्यांनी उभ्यानेच उघडलं. बिघाड. बिघाड. एवढी सगळी पोरं, ज्यांचं कधी डब्यातल्या घासावरूनसुद्धा एकमत होत नाही, ती कुठेतरी डोकी एकत्र करून बसली होती आणि बाईंवर पांघरूण घालायचं त्यांनी ठरवलं होतं. बाईंनी कपाट उघडलं, स्टॉपवॉच काढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याशी ते ताडून पाहिलं. एक मिनिट. पुन्हा एक मिनिट. दहा वेळा. स्टॉपवॉच अगदी ठणठणीत होतं. त्यांनी ते परत ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं, आणि किल्ली पर्समध्ये टाकली की ड्रॉवरमध्ये, हे बघायला दारातून परत आल्या. किल्ली हातातच होती. असं कुणाचंही होतं, त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि रिकाम्या खोलीत आपला आवाज ऐकून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी संध्याकाळपर्यंत फाइली मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकेकडे, मार्कांसकट द्यायच्या होत्या. बुधवारी आठवीला ओढ्यावर न्यायचं होतं. यातलं काहीही बदलायची गरज नव्हती. एक पान बदललं की झालं. मोजपट्टीला बोलवायचं, त्रुटी म्हणजे उपकरणांच्या त्रुटी, माणसांच्या नव्हेत असं समजावायचं, नवं पान लिहून घ्यायचं. निवृत्तीला चार वर्षं होती. ती चार वर्षं, ते चार ओढे कुणाच्या हातात द्यायचे आणि आपण घरी बसून काय करायचं? घरी जाताना बसमध्ये त्यांनी थांबे मोजले. सातव्या थांब्यावर उतरायचं. त्या सातव्यावरच उतरल्या, आणि एखादी परीक्षा पास झाल्यासारखं त्यांना वाटलं, आणि लगेच वाटलं की घरी पोचलो याचा आनंद व्हायला लागला म्हणजे काहीतरी बिनसलंच आहे.

रविवार नेहमी इस्त्रीचा असायचा. बाईंचा नवरा नगररचनेच्या कचेरीत आराखडे काढायचा. निवृत्त झाल्यापासून त्याने इस्त्री आपल्याकडे घेतली होती, आणि तो शर्टाच्या घड्याही पट्टीने आखल्यासारख्या घालायचा. बाई समोर बसून मोजे जोडत होत्या आणि बोलत होत्या, काहीतरी शाळेचंच, विज्ञानाच्या सरांबद्दल, की त्यांनी परवा प्रयोगशाळेत ते हे फोडलं. “परीक्षानळी,” नवरा म्हणाला, इस्त्रीवरची नजर न काढता. बोलणं पुढे गेलं. मग शेजारणीचं निघालं, तिने म्हणे नवीन हे घेतलंय, काय ते. “शिलाई मशीन.” बाई थबकल्या. आपण शब्द शोधायला लागायच्या आतच तो हातात ठेवला जात होता, चालणाऱ्याच्या पुढे पुढे कुणी दारं उघडत जावं तसा. हे कधीपासून चाललं होतं? त्या मनातल्या मनात मोजायला लागल्या. दुपारच्या चहापर्यंत सहा शब्द झाले, संध्याकाळपर्यंत अकरा. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्याने मागे चिठ्ठ्या लावल्या होत्या, साखर, मीठ, सोडा, सगळं आराखड्यावरच्या त्या सरळ अक्षरात, आणि विचारल्यावर म्हणाला होता की माझे डोळे गेले, मला साखर नि मीठ सारखंच दिसतं. बाईंनी तेव्हा त्याची यथेच्छ चेष्टा केली होती. आता त्या डब्यांसमोर उभ्या राहिल्या. नवरा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता, बारीक टायपातलं, चष्मा न लावता.

“अहो,” त्यांनी दारातून हाक मारली. तो वळला. सांगायचं होतं. गुरुवारचं सांगायचं, फाइलीचं सांगायचं, तुम्हाला काय माहीत आहे ते सरळ विचारायचं. तो थांबला होता, चेहरा अगदी मऊ करून, आणि तो मऊपणा बघून बाईंचं डोकंच फिरलं. चहात साखर कमी होती, असं काहीतरी त्या म्हणाल्या. तो हो म्हणाला. त्याला भांडता का येत नाही एकदा तरी? एकदा तरी म्हणायला काय जातं, की काय गं, शब्द विसरलीस? रागाने त्यांनी मोज्यांच्या जोड्या पुन्हा सोडवल्या आणि पुन्हा जोडल्या. त्यांना त्याचा राग येत होता, मुलांचा येत होता, सगळ्यांनी मिळून आपल्याभोवती उशा रचून ठेवल्या आहेत आणि आपल्याला भिंत लागूच देत नाहीत, याचा येत होता. एकाच पोरीने उशी ठेवली नव्हती, आणि तिचंच पान बदलून घ्यायला आपण निघालो होतो.

आईच्या वेळी उशी बाईंनीच ठेवली होती. आई शिवणकाम करायची, दुसऱ्या शहरात, ताईजवळ राहायची. एक दिवस ताईचा फोन आला की आईने आज एका सदऱ्याला तीन बाह्या कापल्या. तिसरी हातात धरून बसली होती म्हणे, ही कुठे लावायची, असं विचारत. आणि बाईंनी काय सांगावं? त्यांनी वर्गात सांगतात तसं सांगितलं, ताई, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, थोडे दिवस बघू या, महिनाभर वहीत लिहून ठेव. ताई बिचारी कधी वहीत लिहिणारी नव्हती, दुधाचा हिशोबही तोंडीच ठेवायची. पण तिने लिहिलं. महिन्याने ती वही पोस्टाने आली. सोमवारी दार उघडं ठेवून झोपली. बुधवारी मला आत्या म्हणाली. गुरुवारी सुई दोऱ्याशिवायच चालवत होती, तासभर. बाईंनी ती वही पेन्सिल हातात घेऊन वाचली, खरंच, पेन्सिल घेऊन, आणि ताईला कळवलं की नोंदी सगळ्या संध्याकाळच्या आहेत, सकाळच्या नाहीत, असा एकांगी नमुना चालत नाही, आणखी एक महिना लिही. निष्कर्ष टाळायचा असला की माणसाला किती शास्त्र सुचतं! दुसऱ्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, आई घराबाहेर पडली. बस डेपोच्या पायऱ्यांखाली सापडली, खुबा मोडलेला. पुढची दोन वर्षं अंथरुणात गेली. ताईने बाईंना कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच बाईंना सोसवत नव्हतं. ती एकदा तोंड भरून ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना कितीदा वाटून गेलं होतं.

ताईचा फोन दर रविवारी पाचला यायचा, तसा याही रविवारी आला. गुडघे, नातवाचे दात, बदललेला डॉक्टर असं सगळं झाल्यावर बाईंनी मध्येच विचारलं, की ताई, आईचं तुला पहिल्यांदा कधी कळलं गं? ताई म्हणाली, “कळलं तर त्या तीन बाह्यांच्या आधीच होतं. तू हो म्हणावंस म्हणून थांबले होते.” आणि लगेच, घाईघाईने, की जाऊ दे, आता कशाला ते, तू जेवतेस ना वेळेवर? बाईंनी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. आता कोण कुणाच्या ‘हो’ची वाट बघत होतं? त्या खोलीतून या खोलीत फिरल्या, खिडकी लावली, उघडली, कपाटातले कपडे काढून परत तसेच रचले. नवऱ्याने विचारलं, काही शोधतेस का. नाही म्हणाल्या. त्याचा त्यावर विश्वास बसला नाही हे त्यांना दिसलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मोजपट्टीला नकाशांच्या खोलीत बोलावलं. अरुंद खोली, भिंतीला गुंडाळलेले नकाशे उभे केलेले, एक टेबल, एक पृथ्वीचा गोल ज्याचा अक्ष केव्हाचा सैल झाला होता. रात्रभर बाईंनी वाक्यं तयार केली होती. उपकरण आणि उपकरण वापरणारा यातला फरक, अहवालाची शिस्त, मोठ्यांविषयी लिहिण्याची पद्धत. मुलगी आली, वेणी घट्ट, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला. बाईंनी फाइल उघडून तिच्याकडे फिरवली आणि विचारलं, की ही चौथी त्रुटी अशीच लिहायची होती का?

मोजपट्टीने पान नीट वाचलं, दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं. “तीन वेळा लिहिलंय,” ती म्हणाली. “चार वेळा असेल. शेवटी मी पाय धूत होते, नीट पाहिलं नाही, म्हणून तीनच धरले.”

बाईंना हसूही येईना. त्यांनी सांगितलं की बाकीच्या पाचही गटांनी स्टॉपवॉच बिघडल्याचं लिहिलं आहे. हो, मुलगी म्हणाली, बसमध्ये तसंच ठरलं होतं. कुणी ठरवलं, असं बाईंनी विचारलं नाही. सगळ्यांनी, एवढं तिने आपणहून सांगितलं, तुम्ही पुढच्या बाकावर बसला होतात तेव्हा. मग तू का नाही तसं लिहिलंस, असं बाईंनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात आता शिक्षिका उरली नव्हती.

मुलीने बुटांकडे पाहिलं. “मी लिहिलं होतं. कच्च्या पानावर तसंच होतं. पण मग निष्कर्ष जमेना. स्टॉपवॉच बिघडलं असं धरलं तर पाचही ठिकाणचे वेग खोटे होतात. मग सगळंच टाकून द्यावं लागतं.” ती थांबली. “आणि तसं नव्हतं ना, बाई. उरलेल्या चार ठिकाणी तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. मी आलेख काढून पाहिला. चारही टिंबं रेषेवर येतात.”

बाई त्या आलेखाकडे बघत राहिल्या. खरंच, चार टिंबं, आणि त्यांना जोडणारी एक चढती रेष, आणि तिसऱ्या ठिकाणी नुसती मोकळी जागा, जिथे मुलीने पेन्सिलने बारीक फुलीसुद्धा काढली नव्हती. बाकीच्या पोरांनी बाईंना वाचवायला निघून त्यांचा अख्खा दिवस खोटा ठरवला होता, आणि हिने त्यातला पाव तास तेवढा काढून ठेवून बाकीचा दिवस त्यांचा त्यांना परत दिला होता. तयार केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. नवं पान लिहून घ्यायचं तर दूरच, आपण त्यासाठी हिला बोलावलं होतं हे हिला कळू नये एवढंच बाईंना वाटत होतं. त्यांना खूप मोठ्याने रडावंसं वाटलं, आणि मुलीसमोर रडायचं नाही म्हणून त्यांनी पृथ्वीचा गोल थोडा फिरवला, थांबवला. मग त्यांनी विचारलं, की लिहिलं नाहीस असं आणखी काही पाहिलंस का. हे त्यांना विचारायचं नव्हतं. पण विचारून बसल्या.

मोजपट्टीने दप्तराचा पट्टा सोडून पुन्हा धरला. बाहेर मैदानावर कुणीतरी कुणाच्या तरी नावाने कोकलत होतं.

“पाहिलं,” ती शेवटी म्हणाली. “पण ती त्रुटी नव्हती. त्याने मोजमापात काही फरक पडत नव्हता, म्हणून लिहिलं नाही.”

“सांग.”

“पुलाजवळ रस्ता ओलांडताना ट्रक येत होते. तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, ताई, मला घरी ने.”

बाईंनी विचारलं, मग?

“मग मी नेलं,” मुलगी म्हणाली. “बसपर्यंत.” आणि जरा वेळाने, “मी कुणाला सांगितलं नाहीये.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाईंनी तिला जायला सांगितलं. ती गेल्यावर त्यांनी समासातला ‘भाषा’ हा शब्द खोडला आणि त्रुटींना पाचपैकी पाच दिले, आणि बाकीच्या पाच फाइलींतल्या बरोबरच्या खुणांचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्या तशाच राहू दिल्या. पोरांचे मार्क कापायचे कसे? त्यांनी खोटं लिहिलं होतं हे खरं, पण त्यांचं प्रेमही खरंच होतं, आणि त्याला किती मार्क असतात हे बाईंनी कधी ठरवलेलं नव्हतं. त्यांना फार भीती वाटत होती. पुलाजवळचा तो रस्ता त्यांना आता आठवत होता, किंवा सांगितल्यामुळे आठवतोय असं वाटत होतं, ट्रकचा गरम वारा, हातात एक छोटा, ओला, घट्ट हात. आपण त्या हाताला धरून चाललो होतो. चाळीस पोरं घेऊन गेलेली बाई, आणि तिला एक पोर रस्त्यापलीकडे घेऊन गेलं होतं. तो हात नसता तर? आणि बुधवारी आठवी. बारा-तेरा वर्षांची वांड पोरं, जी पाणी दिसलं की बूट न काढताच उतरतात.

फाइली कवेत घेऊन त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाई वयाने त्यांच्याहून सात वर्षं लहान, कामसू, नेहमी दोन फोन आणि एक खोकला यांच्या मध्ये सापडलेल्या. त्यांनी बुधवारचा परवानगीचा कागद आधीच टेबलावर काढून ठेवला होता, बाईंची सही तेवढी बाकी. इयत्ता आठवी, विद्यार्थी बेचाळीस, जबाबदार शिक्षक म्हणून भूगोलाच्या बाई, सोबत एक शिपाई. बाई बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. सरळ नाही सांगता आलं. आधी स्टॉपवॉचचं सांगितलं, मग प्रवाहाच्या उलट चालण्याचं, मग फाइल उघडून दाखवली. मोठ्या बाईंनी पान वाचलं आणि त्या खळखळून हसल्या. अहो बाई, त्या म्हणाल्या, काल मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत होते, नवरा मेला बघत बसला पण सांगेना. वयाचं आहे हो सगळं. दमला असाल, उन्हात उभं राहायचं म्हणजे काय खायचं काम आहे? एका दिवसावरून काही ठरवायचं नसतं, थोडे दिवस बघू या.

थोडे दिवस बघू या. हे शब्द बाईंनी कुठे ऐकले होते ते त्यांना शोधावं लागलं नाही. ते त्यांचेच होते. ताईला फोनवर सांगितलेले, याच समजूतदार आवाजात. आणि किती गोड होते ते ऐकायला! हो म्हणायचं, सही करायची, एक महिना मिळवायचा. हो अगदी ओठांवर आलं होतं. टेबलावर कागद होता, कागदाशेजारी पेन होतं, मोठ्या बाईंचा एक फोन वाजत होता आणि त्या तो बंद करत होत्या, सगळं जग बाईंना सांभाळून घ्यायला तयार होतं. त्यांनी मान हलवली. एका दिवसाचं नाही, त्या म्हणाल्या. काल एका दिवसात नवऱ्याने मला अकरा शब्द आणून दिले. घरात डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, त्या माझ्यासाठी आहेत. पुलाजवळ मला रस्ता कळला नाही, एका मुलीने मला हाताला धरून बसपर्यंत नेलं. मला माझ्या आईसारखं होतंय. मी तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय, घरी आज सांगेन. “आणि मला भीती वाटते,” त्या म्हणाल्या, “पण तुम्ही हे हसण्यावारी नेऊ नका. मी हे परत सांगू शकणार नाही.”

मोठ्या बाईंचं हसू गेलं. त्यांनी उठून दार लोटलं आणि परत येऊन आपल्या खुर्चीत न बसता बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. मग मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, की मग बुधवारचं रद्द करू या. बाईंनी नको म्हटलं. पोरांनी ओढा बघायलाच हवा; विज्ञानाच्या सरांना पुढे जाऊ दे, स्टॉपवॉच त्यांच्याकडे राहू दे, सेकंद तेच सांगतील. मग तुम्ही आराम करा, मोठ्या बाई म्हणाल्या, कशाला उगीच दगदग. बाई म्हणाल्या, “मी येणार. संत्रं कुठे सोडायचं ते त्यांना माहीत नाही. मला अजून माहीत आहे.”

त्यांनी परवानगीचा कागद पुढे ओढला. जबाबदार शिक्षक या शब्दांपुढची ओळ खोडली आणि तिथे विज्ञानाचे सर असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं. मग पेन वर नेऊन विद्यार्थ्यांपुढच्या बेचाळीसवर रेघ मारली आणि शेजारी त्रेचाळीस लिहिलं. मोठ्या बाईंनी काही विचारण्याआधीच त्यांनी कागद त्यांच्याकडे सरकवला.

“पुलाजवळ रस्ता ओलांडून झाला की सरांना मोजायला सांगा,” बाई म्हणाल्या. “त्रेचाळीस भरल्याशिवाय बस सोडायची नाही.”